आखातातली व्हिसा माफी: आउटपास घ्यायचा की राहायचं, आणि कशाच्या आधी काय करायचं

संयुक्त अरब अमिरातीत व्हिसा संपल्यावर दंडाचं मीटर दिवसाला ५० दिरहॅमने पळतं. दोन वर्षं बिनकागदाचं राहिलेल्या माणसाच्या नावावर त्यामुळे ३६,५०० दिरहॅम चढलेले असतात. ते भरल्याशिवाय विमानतळावरून सोडत नाहीत. भरायला पैसे नाहीत, आणि चांगली नोकरी धरून पैसे कमवावेत तर कागद नाहीत. थोडक्यात, जाताही येत नाही आणि राहताही येत नाही. सरकारलाही कळतं की हा पैसा कधी वसूल होणार नाही. अशा माणसांना शोधायचं, पकडायचं, कोठडीत ठेवायचं आणि विमानात बसवायचं, हा सगळा खर्च उलट सरकारच्याच अंगावर येतो. म्हणून दर काही वर्षांनी ठरावीक मुदतीसाठी सांगितलं जातं: स्वतःहून पुढे या, दंड सोडतो.

अमिरातीने हे २००७, २०१२-१३, २०१८ आणि २०२४ मध्ये केलं. कुवेतने २०१८, २०२० आणि २०२४ मध्ये, सौदीने २०१३ आणि २०१७ मध्ये, कतारने २०१६, २०२१-२२ आणि २०२५ मध्ये, ओमानने २०१५, २०२०-२१ आणि २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी अटी वेगळ्या होत्या. त्यामुळे ‘मागच्या वेळी माझ्या चुलतभावाला असं करून दिलं होतं’ या माहितीवर कधीही विसंबू नये. तरी या योजनांचा सांगाडा बराचसा सारखा असतो. तो एकदा समजला की नवी घोषणा झाल्यावर नेमकं काय विचारायचं ते कळतं.

माफी कशाची असते

माफी मिळते ती फक्त निवासाच्या नियमांचा भंग केल्याची. व्हिसा किंवा इकामा (निवास परवाना) संपल्यावरही राहिलात, त्याचा दंड साचला, ओळखपत्राचं नूतनीकरण केलं नाही, तर ते या योजनेत बसतं. सोबत आणखी एक गोष्ट मिळते आणि माझ्या मते ती दंडमाफीहून मोलाची आहे: परत येण्यावर बंदी घातली जात नाही. मुदत उलटून राहिलेला माणूस एरवी पकडला गेला तर त्याची हद्दपारी होते, बोटांचे ठसे हद्दपार केलेल्यांच्या नोंदीत जातात, आणि पुढे नवा पासपोर्ट काढून आला तरी विमानतळावर बोट ठेवताच जुनी नोंद वर येते. सौदीच्या २०१७ च्या मोहिमेत मुदतीत निघून जाणाऱ्यांना या ठशांच्या परिणामातून मुद्दाम वगळलं होतं, ते याचसाठी.

माफी कशाची नसते तेही नीट पाहा. बँकेचं कर्ज, थकलेलं घरभाडं, न वटलेला धनादेश, मारामारीची केस, कोणी दाखल केलेला दिवाणी दावा, यांतलं काहीही माफ होत नाही. इमिग्रेशन खातं दंड सोडतं, कारण तो दंड त्याचा स्वतःचा असतो. बँकेचे पैसे सोडायचा अधिकार त्याला नाही.

दंड नेहमी पूर्ण माफ होतो असंही नाही. कुवेतच्या २०२४ च्या योजनेत देश सोडणाऱ्याला दंड नव्हता, पण तिथेच राहून कागद नीट करायचे असतील तर भरावा लागत होता, जास्तीत जास्त ६०० दिनार. आखाताबाहेर मलेशियाने २०२४ मध्ये परत जाणाऱ्यांकडूनही ५०० रिंगिट घेतले.

तारीख एक नसते

माफीची बातमी आली की सगळे शेवटची तारीख लक्षात ठेवतात. पण तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी तारीख असते: तुमचा नियमभंग कधीपर्यंतचा असायला हवा, ही. अमिरातीची २०२४ ची योजना १ सप्टेंबरला सुरू झाली आणि १ सप्टेंबरच्या आधीपासून नियमभंगात असलेल्यांनाच लागू होती. समजा एका सुताराचा व्हिसा आणि त्यानंतरची सवलतीची मुदत २० ऑगस्टला संपली, आणि त्याच्याच खोलीतल्या दुसऱ्याची १० सप्टेंबरला. पहिला योजनेत बसतो. दुसरा बसत नाही, मग योजना पुढे कितीही महिने चालू असो. ‘माफी चालू आहे ना, मग आपला व्हिसा संपला तरी चालेल’ असं म्हणून ज्यांनी नूतनीकरण टाळलं असेल, त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

इथे व्हिसा संपल्याची तारीख आणि दंड सुरू झाल्याची तारीख यांत गल्लत करू नका. निवास परवाना रद्द झाला किंवा संपला की बहुतेक ठिकाणी काही दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो. दंड त्यानंतर सुरू होतो. हा नेहमीचा ग्रेस पिरियड वेगळा आणि माफीची मुदत वेगळी.

तिसरी तारीख आउटपासवर असते. २०२४ मध्ये अमिरातीत मिळणारा आउटपास, म्हणजे देश सोडायचा परवाना, मुळात १४ दिवसांचा होता. म्हणून आधी आउटपास हातात घेऊन मग तिकिटाच्या पैशासाठी गावाला फोन करत बसायचं हा उलटा क्रम आहे. तिकिटाची सोय लागली की मगच अर्ज करावा. आणि अर्ज होऊन परवाना हाती आल्यावरच तिकीट पक्कं करावं, कारण ठशांसाठी बोलावणं आलं तर चार दिवस सहज जातात.

मुदतवाढीचा मोहही इथेच सांगून टाकतो. अमिरातीने २०१८ आणि २०२४ दोन्ही वेळा ३१ ऑक्टोबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कुवेतने २०२४ मध्ये १७ जूनची ३० जून केली. ओमानने २०२५ मध्ये ३१ जुलैची ३१ डिसेंबर केली. यावरून लोकांनी मनात धरून ठेवलंय की मुदत वाढतेच. पण वाढवायची की नाही हे शेवटच्या दिवशी ठरतं, आणि मुदत संपल्यावर काय होतं तेही पाहा: अमिरातीत जानेवारी २०२५ या एकाच महिन्यात तपासणी मोहिमांमध्ये सहा हजारांहून जास्त लोक धरले गेले. कुवेतने तर त्याच महिन्यात नवा, आणखी कडक निवास कायदा लागू केला.

जायचं की राहायचं

काही योजनांत हा प्रश्नच नसतो. कतारने ९ फेब्रुवारी २०२५ पासून तीन महिन्यांसाठी दिलेली सवलत फक्त देश सोडण्यासाठी होती. अमिरातीत मात्र दोन्ही वाटा खुल्या होत्या. २०१८ मध्ये तर राहू इच्छिणाऱ्यांना नोकरी शोधण्यासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता व्हिसा दिला गेला. २०२४ मध्ये दुबईतल्या अल अवीर केंद्रावर माणसं हवी असलेल्या कंपन्यांनाच बोलावून तिथल्या तिथे मुलाखती घेतल्या गेल्या.

राहण्याचा विचार करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझ्या नावाने व्हिसा काढायला तयार असलेला मालक आज माझ्यासमोर आहे का? ‘ओळखीचा एक जण करतो म्हणालाय’ हे उत्तर धरायचं नाही. लेखी ऑफर हवी, आणि त्या कंपनीला माणसं घ्यायची परवानगी आहे याची खात्री हवी. फ्री व्हिसा किंवा आझाद व्हिसा म्हणून जे विकलं जातं, त्यात पैसे घेऊन कागदावर एक मालक दाखवतात आणि काम भलतीकडेच करावं लागतं. तसा व्हिसा घेऊन माफीतून बाहेर पडलेला माणूस वर्ष-दीड वर्षात पुन्हा त्याच खड्ड्यात असतो. हातात ठोस नोकरी नसेल तर बंदीशिवाय घरी जाऊन, नीट कागद करून परत येणं मला केव्हाही बरं वाटतं. पण ज्याच्या डोक्यावर गावाकडे कर्ज आहे त्याला हे ऐकायला सोपं नसतं, हेही खरं.

फरार असल्याची नोंद

मालकाकडून पळालेल्या, किंवा पगार न मिळाल्याने काम सोडलेल्या माणसाच्या नावावर मालक बहुधा फरारीची तक्रार करून ठेवतो. सौदीत तिला हुरूब म्हणतात. कित्येकांना आपल्या नावावर अशी तक्रार आहे हेच माहीत नसतं आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. माफीच्या आधीची तक्रार सहसा योजनेत धरतात. २०१८ मध्ये अमिरातीत ठरावीक शुल्क भरून ती काढून घेता येत होती. पण २०२४ मध्ये १ सप्टेंबरनंतर झालेली तक्रार चालत नव्हती. म्हणून सध्याच्या मालकाशी भांडण पेटलेलं असेल तर माफी जाहीर झाल्यावर उगाच काम सोडून बाहेर पडू नका. आधी स्वतःची स्थिती कामगार मंत्रालयाच्या सेवेवर तपासा.

ज्यांच्यावर हद्दपारीचा हुकूम आधीच निघालाय ते बहुतेक वेळा योजनेबाहेर असतात. २०२४ मध्ये अमिरातीने दुसऱ्या आखाती देशाने हद्दपार केलेल्यांनाही बाहेर ठेवलं. व्हिसाच न घेता, चोरवाटेने शिरलेल्यांचंही तेच. २०१८ मध्ये अशा लोकांना जाऊ दिलं होतं, पण दोन वर्षांची बंदी घालून.

पासपोर्ट: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

इमिग्रेशनचं काम एका दिवसात होऊ शकतं. पासपोर्टचं होत नाही. म्हणून माफीची नुसती कुणकुण लागली तरी पहिलं पाऊल वकिलातीकडे टाका.

पासपोर्ट कुठे आहे? तो मालकाकडे असेल किंवा हरवला असेल. मालकाने फरारीची तक्रार करताना इमिग्रेशनकडे जमा केलेला असण्याचीही शक्यता असते, म्हणून तिथे चौकशी केल्याशिवाय तो हरवल्याचं धरून चालू नका. खरंच हरवला असेल तर पोलिसांत नोंद करावी लागते. सापडला तरी मुदत पाहा. २०२४ मध्ये अमिरातीने नेहमीची सहा महिने मुदत शिल्लक असण्याची अट एका महिन्यावर आणली होती, पण अशी सूट गृहीत धरता येत नाही.

भारतीय पासपोर्टधारकांनी एक फरक नीट ध्यानात घ्यावा. परत जायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्यायचं. ते एकदाच, भारतात जाण्यापुरतं चालतं आणि त्यावर निवास व्हिसा लागत नाही. राहायचं असेल तर पासपोर्टच हवा. २०२४ च्या माफीत दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाने राहू इच्छिणाऱ्यांसाठी कमी मुदतीच्या पासपोर्टचा मार्ग सांगितला होता. म्हणजे जायचं की राहायचं हे ठरल्याशिवाय वकिलातीच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. चुकीचा कागद निघाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, जुन्या व्हिसाची प्रत, गावाकडचं आधार कार्ड किंवा शाळेचा दाखला, जे मिळेल ते फोनवर मागवून ठेवा. हाती काहीच नसेल तर नागरिकत्वाची पडताळणी भारतातून होऊन यावी लागते, आणि तोवर मुदत संपू शकते. तिकिटाचेही पैसे नसतील तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका, तसं स्पष्ट सांगा. भारतीय दूतावासांकडे २००९ पासून इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे. अडचणीतल्या माणसाचं तिकीट आणि किरकोळ दंड त्यातून देता येतो, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

बँक, भाडं, कोर्ट

आउटपास हातात आहे आणि प्रवासबंदीमुळे विमानतळावरून मागे पाठवलं, याहून वाईट प्रसंग या सगळ्यात नाही. प्रवासबंदी कोर्ट किंवा सरकारी वकिलाच्या कार्यालयाकडून लागते आणि इमिग्रेशन ती उठवू शकत नाही. दुबईत आर्थिक गुन्ह्यांची नोंद दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवर फुकटात पाहता येते, अबू धाबीत न्याय विभागाची ‘इस्तफ्सिर’ नावाची सेवा आहे. नुसत्या शिल्लक नसल्याने धनादेश परत गेला तर अमिरातीत २०२२ पासून बहुतांशी तो फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण पैसे वसूल करायला दिवाणी अंमलबजावणी होते आणि तिच्यात प्रवासबंदी येऊ शकते. तेव्हा ‘आता तो गुन्हा नाही’ या ऐकीव माहितीवर निर्धास्त होऊ नका.

कर्ज असेल तर बँकेशी आधी बोला. पुरती रक्कम देता येत नसली तरी हप्ते ठरवून लेखी तडजोड झाली की बंदी उठवण्याचा अर्ज करता येतो. तडजोडीचा कागद कोर्टात गेला आणि कोर्टाचा हुकूम इमिग्रेशनच्या संगणकावर चढला, याची खात्री होईपर्यंत तिकीट काढू नका. या शेवटच्या पायरीला दिवस लागतात.

उलट बाजूही आहे. मालकाकडे तुमचा पगार किंवा ग्रॅच्युइटी थकली असेल तर देश सोडायच्या आधी कामगार तक्रार दाखल करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. मागे राहणाऱ्या विश्वासू माणसाच्या किंवा वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं तर दावा पुढे चालू शकतो. विमानात बसल्यावर या पैशाचा पाठपुरावा फारच अवघड होतो.

प्रत्यक्ष अर्ज

आधीचं सगळं झालं असेल तर हा भाग खरं तर सोपा आहे. अमिरातीत २०२४ मध्ये बहुतेक काम ऑनलाइन होत होतं. दुबईत आमेर केंद्रांवर, म्हणजे इमिग्रेशनच्या सेवा केंद्रांवर, अर्ज घेतले जात. ज्याचे ठसे पूर्वी एमिरेट्स आयडीसाठी (तिथल्या ओळखपत्रासाठी) घेतलेले होते त्याला परवाना थेट मिळे. व्हिजिट व्हिसावर येऊन राहिलेल्यांचे ठसे नसत, त्यांना ठशांसाठी ठरलेल्या केंद्रावर जावं लागे.

टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, बसलात की नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक स्वतः वाचून पाहा. अरबी वाचता येत नसेल तर इंग्रजी रकाना तरी वाचा. जुन्या पासपोर्टवर मोहम्मद आणि नव्यावर मोहमद, एवढ्या फरकानेही संगणक दोन माणसं समजतो आणि जुना दंड दुसऱ्या फाईलवर तसाच लटकून राहतो. म्हणून देशात शिरताना जो पासपोर्ट होता त्याचा क्रमांक अर्जात आलाच पाहिजे. युनिफाइड नंबर, म्हणजे इमिग्रेशन प्रत्येक माणसाला देतं तो क्रमांक, माहीत असेल तर तोही द्या.

आत पकडतील ही भीती बहुतेकांना असते. मुदतीत स्वतःहून, योजनेत बसणारा माणूस गेला तर त्याला धरणं हे योजनेच्याच विरुद्ध आहे. पण नावावर फौजदारी केस असेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच तपासणी आधी, केंद्रावर जाणं नंतर.

आणि एजंट. ‘आत ओळख आहे, तुमचं नाव यादीत घालतो’ असं म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. माफीत यादी नसते. योजनेतच काही दंड ठेवला असेल तर तो, टायपिंगचं शुल्क, आणि राहणार असाल तर नव्या व्हिसाचं शुल्क, एवढाच खरा खर्च. पावती मिळत नसेल तर तिथून उठा.

मुलं

बिनकागदी आईबापांच्या पोटी तिथेच जन्मलेलं मूल ही सगळ्यात गुंतागुंतीची फाईल असते. मुलाचा कधी व्हिसाच झालेला नसतो, कधी जन्मदाखलाही नसतो. अमिरातीच्या २०२४ च्या योजनेत अशी मुलं स्पष्टपणे धरली होती. क्रम असा: इस्पितळाची जन्मनोंद, त्यावरून जन्मदाखला, मग वकिलातीत जन्माची नोंद, मग मुलाचा पासपोर्ट किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट, आणि शेवटी आउटपास. भारतीय कायद्यानुसार परदेशातल्या जन्माची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत करायची असते. उशीर झाला असेल तर परवानगी लागते. आईबापांचा विवाहदाखला नसेल तर जन्मदाखलाच अडतो आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. अशा कुटुंबाने योजनेच्या पहिल्याच आठवड्यात हालचाल करावी. नवऱ्याचा आउटपास आधी काढून ठेवला आणि मुलाचा कागद अडला, असं होऊ देऊ नका. सगळ्यांचे अर्ज एकत्रच करा.

विमानतळावर

चार तास आधी पोहोचा. परवान्याची छापील प्रत, पासपोर्ट किंवा सर्टिफिकेट आणि तडजोडीचे कागद हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेटवर तिथून जाऊ देतात का हे विमान कंपनीला आधी विचारा. थेट विमान थोडं महाग पडलं तरी तेच घ्यावं. बाहेर पडल्याची नोंद झाली की योजना तुमच्यापुरती पूर्ण झाली. परवान्याची प्रत मात्र फेकू नका, पुढे नव्या व्हिसाच्या वेळी कोणी जुना दंड दाखवला तर तोच पुरावा असतो.

कधी कधी आपल्या हातात नसलेली गोष्टही आडवी येते. कुवेतने एप्रिल २०२० मध्ये माफी दिली, राहण्याजेवणाची सोय केली, तिकीटही देऊ केलं. पण करोनामुळे भारतात येणारी विमानं बंद होती आणि भारतीयांना छावण्यांत थांबावं लागलं. अशा वेळी सरकारच्या देखरेखीतच राहणं बरं. कंटाळून बाहेर पडलात तर माफीही जाते.

माफी चालू नसेल तर

वाट पाहत बसण्याचा हिशेब क्वचितच जमतो. दोन माफींमध्ये पाच-सहा वर्षंही जातात आणि मध्ये पकडले गेलात तर हद्दपारी आणि बंदी ठरलेली. तोवर दंड कमी करून मागायचा अर्ज करता येतो. आजारपण, मालकाची फसवणूक, कंपनी बंद पडणं अशी कारणं कागदांसह मांडली तर इमिग्रेशन प्रत्येक प्रकरण वेगळं पाहू शकतं. वकिलातीमार्फत गेलेल्या अर्जाला वजन येतं. अर्जात इस्पितळाची कागदपत्रं, कंपनी बंद झाल्याचा पुरावा, पगार न आल्याचा बँकेचा उतारा जोडा. दंडाची रक्कम मर्यादित असेल, जशी कुवेतच्या २०२४ च्या योजनेत ६०० दिनार होती, तर उसने काढून ती भरणं आणि मोकळं होणं हे पुढच्या माफीची आशा धरण्यापेक्षा स्वस्त पडतं का, हे एकदा कागदावर मांडून पाहा. तीन महिने लपून राहण्याचं खोलीभाडं आणि बुडालेली मजुरीही त्या हिशेबात धरा.